लीन म्हणणारा सेन्सर आणि पेट्रोलचा वास: रत्नागिरीतील एका गॅरेजचा अनुभव

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीच्या परिसरात, पत्र्याच्या शेडखाली चालणाऱ्या एका लहान गॅरेजविषयी मी हे लिहीत आहे. गॅरेजचे नाव देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. मदतीला एकच मुलगा असल्यामुळे ते एका वेळी दोनपेक्षा जास्त गाड्या घेत नाहीत आणि गर्दी झाली की तपासणीत घाई होते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना मी काका म्हणतो, म्हणून येथेही तसेच लिहितो. ज्यांच्या गाडीत कंपनीने दिलेले काहीच बदललेले नाही त्यांना यातील बराचसा भाग गैरलागू वाटेल. परंतु धुराच्या नळ्या (हेडर), मोकळा सायलेन्सर (फ्री-फ्लो) आणि इंजिनाच्या संगणकाची मांडणी (रीमॅप) बदललेली गाडी समुद्राकाठी वापरणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

माझी गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. पुण्याहून ती जुनी म्हणून घेतली तेव्हाच तिच्यावर पुष्कळ काम झालेले होते: फोर-टू-वन हेडर, फ्री-फ्लो सायलेन्सर, हवेचा कोन फिल्टर आणि या सगळ्याला जुळवून केलेला ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, रीमॅप. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) मात्र पहिल्या मालकाने काढलेला नव्हता, तो हेडरच्या पुढे बसवून ठेवला होता, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. मालगुंडहून रत्नागिरीला रोज कॉलेजात शिकवायला जाताना आरे-वारेचा चढ लागतो. त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जशी खेचते त्यासाठीच मी ती घेतली, हे उघड सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. तो दोन दिवस लागून राही, मग आपोआप विझे आणि दमट सकाळी पुन्हा उगवे. गाडी उभी असताना पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, लिटरमागे चौदा किलोमीटर जाणारी गाडी साडेदहावर आली आणि पीयूसीच्या वेळी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेले. माझ्याकडे ब्लूटूथवर चालणारा एक स्वस्त स्कॅनर आहे. त्यावर तीन कोड दिसले: पी ०१३५, म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड; पी ०१३१, म्हणजे त्याच सेन्सरचे व्होल्टेज कमी; आणि पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

तीनपैकी दोन कोडांत सेन्सरचे नाव असल्यामुळे, जिथे मी आधी गाडी नेली होती तिथे सेन्सर बदलण्यात आला. साडेचार हजार रुपये गेले आणि आठव्या दिवशी दिवा परत आला. त्यानंतर ‘रीमॅपच नव्याने करावा लागेल’ असा सल्ला मिळाला, ज्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट होता. तेथून मी गाडी घेऊन निघालो आणि एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सांगितल्यावरून काकांकडे पोचलो.

काकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण त्यांना इंजिन पूर्ण थंड हवे होते. दुसरी गोष्ट म्हणजे स्कॅनर बाजूला ठेवून चारही स्पार्क प्लग काढले आणि फडक्यावर ओळीने मांडले. चारही टोके काळी, सुक्या काजळीची होती. ते म्हणाले, “कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, आणि प्लग म्हणतात जास्त झालंय. दोघांतला एक चुकतोय. प्लगला चुकायचं काही कारण नाही.” ही विसंगती तीन महिने माझ्या नाकाखाली होती, अगदी शब्दशः, कारण वास मलाच येत होता, तरीही लीन कोड आणि पेट्रोलचा वास या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे मला सुचले नव्हते. माझ्या मते या गॅरेजचे खरे मोल या एका कृतीत आहे.

त्यामागचा तर्क त्यांनी काम करता करता सांगितला आणि मी तो माझ्या शब्दांत मांडतो. पेट्रोल गाडीचा नेहमीचा ऑक्सिजन सेन्सर (काका त्याला लॅम्डा म्हणतात, बॉशने १९७६ मध्ये तो व्होल्वोच्या गाड्यांतून प्रथम बाजारात आणला तेव्हापासून हे नाव चालत आले आहे) धुरात किती पेट्रोल आहे हे मुळीच पाहत नाही. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन आणि धुरातला ऑक्सिजन यांतील फरकावर त्यातील झिर्कोनियाचा तुकडा व्होल्टेज तयार करतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि भरपूर उरला असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास मिळतात. मधल्या ०.४५ व्होल्टच्या रेषेवरून सुई सतत खालीवर होत राहणे हे निरोगी सेन्सरचे आणि निरोगी इंजिनाचे लक्षण. आता सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कोठे बारीकशी गळती असेल, तर धुराच्या दोन लोटांमध्ये जो क्षणभर दाब उतरतो त्या वेळी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन’ म्हणून कळवतो, ईसीयू विश्वासाने पेट्रोल वाढवतो, आणि हवा तरीही येतच असल्यामुळे पुन्हा वाढवतो. इंजिन खरोखर रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, कोड मात्र लीनचा पडतो.

उलट, इनटेकच्या, म्हणजे इंजिन हवा आत घेते त्या बाजूने जादा हवा शिरत असती तर मिश्रण खरेच लीन झाले असते आणि प्लगची टोके पांढरट दिसली असती. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर ओढ पडल्यावर, वेगात, पेट्रोल कमी पडले असते. तीन वेगळे बिघाड आणि कोड एकच, पी ०१७१. केवळ कोड वाचून सेन्सर बदलणाऱ्याला हे कसे कळावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करून त्यांनी आकडे वहीत उतरवायला सुरुवात केली. शाळेची रेघी वही आहे, तिच्यात प्रत्येक गाडीचे एक पान. गरम झालेल्या गाडीत उभ्या वेगावर (ॲक्सिलरेटर न दाबता) सेन्सर ०.१ ते ०.२ व्होल्टवर बसून होता. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयूने ठरल्या मापात केलेली पेट्रोलची वाढ किंवा घट; त्यातला सवयीचा, लाँग टर्म, अधिक २१ टक्के होता आणि तात्पुरता, शॉर्ट टर्म, अधिक ६. इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांवर नेले तेव्हा सेन्सर लगेच खालीवर नाचू लागला आणि शॉर्ट टर्म उणे १४ वर घसरला. म्हणजे वेग वाढला, धुराचे प्रमाण वाढले, आणि बाहेरून शिरणाऱ्या हवेचा त्या मानाने प्रभाव कमी झाला. जे पेट्रोल ईसीयूने उभ्या वेगावर वाढवून ठेवले होते ते आता जास्त ठरू लागले. मग त्यांनी इनटेकच्या तोंडाशी कार्ब क्लीनरचा, म्हणजे पेट्रोलसारख्याच जळणाऱ्या द्रवाचा, एक फवारा दिला. स्कॅनरवरचा आकडा क्षणात ०.८६ वर गेला आणि फवारा थांबताच खाली आला. सेन्सर जिवंत होता, चपळ होता आणि त्याला जे दिसत होते तेच प्रामाणिकपणे सांगत होता.

गळती शोधण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. इंजिन पुन्हा थंड होऊ दिले, घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून जोडली, आणि भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी ब्रशने हेडरच्या प्रत्येक जोडावर फिरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या फ्लँजजवळ (हेडर इंजिनाला जिथे आवळतात ती पट्टी), खालच्या नटाच्या बाजूला, ओहोटीला पुळणीवर कुर्ल्यांच्या बिळांतून येतात तसे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. नट हाताने फिरेल इतका सैल होता आणि गॅस्केटची कड तेवढ्या जागी जळून काळी पडली होती. बाजारात मिळणाऱ्या हेडरची फ्लँज कंपनीच्या फ्लँजइतकी जाड असतेच असे नाही, ती तापून थोडी वाकली की एका कोपऱ्यावर हे असे होते. काकांनी हेडर उतरवून सपाट काचेवर सँडपेपर ठेवून फ्लँज घासली, नवे धातूचे गॅस्केट बसवले आणि दोन स्टड बदलले. मी विचारले की थोडे सिलिकॉन सीलंट लावले तर अधिक पक्के होणार नाही का. त्यावर त्यांनी डबाच दाखवला आणि म्हणाले की साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि तो थर काही केल्या निघत नाही. सेन्सर त्याने खरोखरच मरतो.

राहिला पी ०१३५. येथे कोकणाचा आणि ट्यूनिंगचा असा दोहोंचा हात आहे. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक हीटर असतो. कंपनीच्या रचनेत सेन्सर इंजिनाला चिकटून, गरम जागी असतो. फोर-टू-वन हेडरमध्ये तो चारही नळ्या एकत्र येतात तिथे, म्हणजे खाली आणि दूर जातो. तेथे धूर थोडा निवलेला असतो, त्यामुळे हीटरवरची भिस्त वाढते, आणि कंपनीची वायर तिथवर पुरत नसल्याने जोड देऊन ती लांबवावी लागते. माझ्या गाडीत थंड इंजिन चालू केल्यावर सेन्सर जागा व्हायला चार मिनिटे लागत होती, जे काम धडक्या हीटरने एका मिनिटाच्या आत व्हायला हवे.

काकांनी प्रथम सेन्सरच्या वायरींचा प्लग सोडवून हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजला. तो सहा ओहमच्या आसपास, म्हणजे ठीक निघाला. मग गाडीकडून येणारे व्होल्टेज मोजले, तेही १२.३. मी असतो तर येथेच हात टेकले असते, कारण दोन्ही बाजू निर्दोष दिसत होत्या. त्यांनी मीटर खाली ठेवला आणि इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून तयार केलेले आपले ‘यंत्र’ काढले. बल्ब लावला तर तो देवघरातल्या समईसारखा मिणमिणता लागला. मीटरला नावापुरताच करंट लागतो, म्हणून कुजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते; बल्ब मात्र हीटरइतकाच, पावणेदोन अँपिअरच्या घरातला करंट मागतो, आणि तो मागितल्याबरोबर जोडाची लबाडी उघडी पडते.

वायर वर ओढून काळी टेप सोडवली तेव्हा आत तारा नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या आणि तांबे हिरवेगार झाले होते. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवल्यावर जसे कळकते, अगदी तसाच रंग. आरे-वारेच्या रस्त्यावर पावसाळ्यात समुद्राचा फवारा गाडीवर येतो, तो खालून त्या जोडात मुरला होता. दमट सकाळीच दिवा का लागतो, याचे उत्तर त्या दोन इंच टेपमध्ये होते.

हा जोड त्यांनी खारट पाणी पोचणार नाही इतका वर नेला, तारा क्रिंप करून आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद केल्या आणि हेडरजवळून जाणाऱ्या भागावर काचतंतूंची जाळी चढवली. डाख (सोल्डर) दिला नाही. सेन्सरला लागणारी बाहेरची हवा या वायरींच्या आवरणातूनच, तारांच्या मधून, आत जाते. डाखाने ती वाट बुजते आणि उष्णतेत तार तिथेच कडक होऊन तुटते. त्याच कारणाने सेन्सरच्या वायरींच्या प्लगमध्ये ग्रीस किंवा गंजनाशक फवारा मारू नये, असे त्यांनी मला बजावले. मी पावसाळ्याआधी वायरींच्या प्रत्येक प्लगमध्ये तो फवारा मारत आलो होतो, हे त्यांना सांगितले नाही.

गाडीच्या डिकीत मी बदललेला जुना सेन्सर तसाच ठेवला होता. काकांनी तो मागून घेतला, पान्ह्यात धरला, मीटर जोडला आणि गॅसच्या टॉर्चची ज्योत टोकावर धरली. टोक लाल होताच काटा ०.८ च्या वर चढला, ज्योत हटवताच शून्याकडे उतरला. दोनदा, तीनदा तसेच केले. या चाचणीने सेन्सर जिवंत आहे एवढेच कळते, गाडीत तो पुरेसा चपळ राहील की नाही हे कळत नाही, असे ते म्हणाले. तरी माझे साडेचार हजार कशावर गेले हे कळायला तेवढे पुरेसे होते. “तक्रार आली म्हणून तलाठी लगेच कुणाचा बांध फोडत नाही, आधी जागेवर जाऊन बघतो,” एवढेच ते बोलले.

ट्रिम स्कॅनरने शून्यावर आणून मी गाडी आठवडाभर चालवली. सुमारे २०० किलोमीटरनंतर लाँग टर्म ट्रिम अधिक ४ वर स्थिरावला. हा चारचा आकडा मला खटकला होता, पण त्याचे बरेचसे कारण पेट्रोलमध्ये आहे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या इंधनाला साडेतेराच्या आसपास; रीमॅप कमी इथेनॉलच्या काळात झालेला असल्यामुळे ईसीयूला तेवढी भर घालावी लागते. उभ्या वेगावर सेन्सर आता सरळ नाचतो, वास गेला, सरासरी पुन्हा चौदाच्या जवळ आली आणि पीयूसीत गाडी सहज पास झाली. मला सर्वांत जास्त जाणवला तो चढावरचा फरक. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू या सेन्सरकडे पाहत नाही, रीमॅपमधल्या तक्त्यानुसार मुद्दाम रिच मिश्रण देतो. पण अनेक ईसीयूंत लाँग टर्म ट्रिम त्या आकड्यांतही मिसळला जातो. उभ्या वेगावर शिकलेली चुकीची अधिक २१ ची सवय चढावर आधीच्या रिच मिश्रणात भर घालत असावी, म्हणूनच इंजिन गुदमरल्यासारखे वाटत होते. ज्यांना अशा वेळी ‘रीमॅप जुना झाला’ असे सांगितले जाते त्यांनी आधी हा ट्रिमचा आकडा पाहावा.

आता उणी बाजू, कारण ती आहे. कामाला तीन दिवस लागले, त्यांतला एक पूर्ण दिवस गॅस्केट कोल्हापूरहून यायची वाट पाहण्यात गेला आणि ते आदल्या दिवशीच मागवता आले असते. काका कामात असताना फोन उचलत नाहीत. बसायला जागा म्हणजे एक बाक, तोही उन्हात. बिल वहीतल्या पानावर लिहून मिळते, स्कॅनरचा छापील अहवाल मिळत नाही. विमा किंवा कंपनीकडे दाखल करण्यासाठी ज्यांना कागद हवा असतो त्यांची त्यामुळे अडचण होईल. हेडरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची एक क्लिप काढताना तुटली आणि ती मी विचारल्यावरच सांगितली गेली, हे मला आवडले नाही. क्लिपचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. शिवाय त्यांच्याकडे वाइडबँड सेन्सर नाही. साधा सेन्सर मिश्रण रिच आहे की लीन एवढेच सांगतो, किती रिच आहे हे सांगत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलवर रीमॅपची गाडी सुरक्षित मिश्रणावर चालते की नाही हे पाहायचे असेल तर वाइडबँडशिवाय गत्यंतर नाही. हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि त्यासाठी कोल्हापूर किंवा पुण्याला जायला सुचवले. रीमॅपच्या कामाला ते हात लावत नाहीत, आणि कॅट काढून द्या म्हणणाऱ्यांना परत पाठवतात.

एकूण खर्च ३,४५० रुपये झाला: तपासणीचे ८००, गॅस्केट, स्टड आणि वायरचे सामान १,१५०, मजुरी १,५००. तपासणीचे वेगळे पैसे लागतात म्हणून एक गृहस्थ माझ्यासमोर नाराज होऊन निघून गेले. मी मात्र आधी तपासणीविनाच सेन्सरची किंमत मोजून बसलो होतो, म्हणून ते ८०० रुपये आनंदाने दिले.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी, येताना एसटीने यावे, आणि कोड आधी स्वतः पुसून जाऊ नये. कोड पडला त्या क्षणाची जी माहिती ईसीयू साठवतो, ती त्यासोबत पुसली जाते आणि काकांची वही पहिल्याच ओळीला अडते. हेडरचे नट हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायला त्यांनी बोलावले आहे, त्याचे पैसे नाहीत. जुना सेन्सर त्यांनी तारीख लिहून कागदात गुंडाळून दिला आहे आणि तो सध्या डिकीत स्टेपनीशेजारी आहे.